हुकावरची लाल रेघ

म्हसावदच्या रस्त्याला आमचं घर आणि घराला लागूनच यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. हे उसाच्या ट्रॉल्या बनवतात. वेल्डिंग झालं की वरचा काळा पापुद्रा हातोडीने ठोकायचा आणि जोड वायर ब्रशने घासायचा, हे माझं काम. गिऱ्हाईक आलं की मी आत जाते.

त्या दिवशी ट्रॉली न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने तपासायला एक साहेब सोबत आणले. त्यांच्या पिशवीत टॉर्च, भिंग, लांब दांडीचा छोटा आरसा आणि जोडाची जाडी मोजायची खाचांची पट्टी होती. आरसा खाली घालून त्यांनी उलट्या बाजूचेही जोड पाहिले. "काम चांगलं आहे," म्हणाले.

हे खूश झाले. मला हाक मारली, "कुंकू लई ये वं!" मी वाटी घेऊन बाहेर आले.

ट्रॉली निघण्याआधी आम्ही तिच्या हुकावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतो. परक्या माणसांसमोर मी ते घाईत काढलं, ओघळ आला. तो मी पदराने पुसला. सगळं निघालं, पण जोडाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ राहिली. पुन्हा पुसलं. तशीच.

ब्रशचा ओरखडा असेल तर तो मीच पाडलेला. पण चीर असेल आणि कुंकू तिच्यात शिरलं असेल तर? साहेबांना भिंगातून दिसली नाही ती मला कशी दिसेल? बोलावं, तर चार माणसांत यांच्या कामाला नाव ठेवल्यासारखं. गप्प बसावं, तर याच हुकावर भरलेला ऊस ओढला जाणार. चालत्या रस्त्यात हुक तुटला तर?

"स्वस्तिक काढी ऱ्हायनी का रांगोळी?" हे हसले.

"आवो, आठे रेघ शे," मी बोट ठेवून दाखवलं.

"तुले काय समजस त्यामा?"

साहेब मात्र वाकले. टॉर्च आडवा धरला, भिंग लावलं. "ओरखडाच वाटतो," म्हणाले. थोडा वेळ बघत राहिले. "पण घासून बघा."

यांनी रागात ग्राइंडर असा दाबला की रेघ, कुंकू, अर्धा जोड, सगळंच उडालं. मग हुक नव्याने जोडला. साहेबांनी पुन्हा पाहिलं, मी पुन्हा स्वस्तिक काढलं आणि ट्रॉली गेली.

"वरखडाच व्हता तो," हे म्हणाले. मीही मान हलवली.

पण त्याच गिऱ्हाइकाच्या पुढच्या ट्रॉलीच्या वेळी साहेब यायच्या आधीच यांनी कुंकवाची वाटी मागितली.

"आत्तेच?" मी विचारलं.

"लाव ना वं. आनि पुसी दख."

त्या पहिल्या हुकावर ओरखडा होता की चीर, मला अजून कळलेलं नाही.