मावशीला तोडीस तोड

ओसांगमावशी चर्चसमोर बसून सुमान विकायची. केळीच्या पानात वळलेला चिकट भात तो. विकता विकता ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना जोखायची. चपला घासत चालणारा आळशी. नवऱ्याच्या पुढे चालणारी घमेंडखोर. मावशीचा निकाल लागला की बातांगासकडच्या त्या गावात त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

तिचा एकुलता एक डोल्फो लिगायाच्या प्रेमात पडला. मावशीने पोरीला एकदाच बाजारात पाहिलं होतं.

"केस तांब्यासारखे रंगवलेत. हसते खदाखदा. संसारात टिकायची नाही."

"आई, तू बोललीस तरी का तिच्याशी?"

"बोलायला कशाला हवं? डोळे आहेत मला."

तरी रीत म्हणून मुलीच्या घरी मागणी घालायला जावंच लागलं. मावशीने न्यायला पातेलंभर बकऱ्याचं मटण बटाटे घालून रांधलं, ठेवणीतला झगा घातला आणि नवऱ्याला बजावलं, "तुम्ही फक्त जेवा. बघायचं काम माझं."

दारातच लिगायाची आजी बसली होती. सेपाआजी. ऐंशीच्या घरातली, पण ताठ. तिने मावशीला नखशिखान्त न्याहाळलं, तिच्या हातातल्या पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला.

"बटाटे फार शिजलेत. उतावळी दिसतेस."

मावशीची कानशिलं तापली. उभ्या जन्मात तिच्यावर कुणी असा निकाल दिला नव्हता.

"आणि तुमचा पडदा उलटा लावलाय," ती फणकारली. "घर आळशाचं दिसतंय."

"सुलट बाजू विटलीय. नाक खुपसणारे पाहुणे यायचे असले की उलटा लावते."

"मग शिवण तरी लपवायची!"

आजी बोळकं उघडून अशी हसली की खुर्ची करकरली. मावशीलाही हसू आवरेना. आतून लिगायाचंही हसू ऐकू आलं. पोर हसण्यात थेट आजीवर गेली होती.

"ये, बस माझ्याजवळ," पानं वाढल्यावर आजी म्हणाली. "तो तुझा नवरा ना? न विचारता भात घेत नाही. बायकोला भिणारा दिसतो."

"अगदी बरोबर! आणि तुमचा जावई? गप्प आहे, म्हणजे लबाड."

"कधीची सांगतेय गं, कुणी ऐकत नाही!"

लग्नाची तारीख शेवटी बापांनीच ठरवली. या दोघींना सवड कुठे होती? लग्नातही दोघी मागच्या बाकावर बसल्या आणि पाद्रीबाबांच्या बुटांपासून कुणालाच सोडलं नाही. लिगाया सून होऊन आली, तसे मावशीने तिच्याबद्दलचे निकाल एकेक करून गुपचूप मागे घेतले. भात करपवते हा एक मात्र कायम ठेवला; तो ती खरंच करपवायची.

पुढे दर रविवारी आजी मावशीच्या टेबलाशी येऊन बसू लागली. गिऱ्हाईक वाढलं. आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायला माणसं मुद्दाम घुटमळायची.

एकदा आजी तापाने अंथरुणाला खिळली. मावशी उशाशी बसून. आजी बोलेना, बघेना. मग एका सकाळी तिने डोळे किलकिले केले आणि मावशीकडे रोखून पाहिलं.

"हे केस कुणी कापले तुझे? बकरीने खाल्ल्यासारखे दिसतायत."

मावशी धावतच अंगणात आली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"लिगाया, अगं लिगाया! म्हातारी बरी झाली!"