कोरड्या कुंडातली झोप

माझ्या मंजुषावहिनीसमोर झोपेची तक्रार केलेली तिला खपत नाही. कुणी सहज म्हणालं, "काल रात्री झोपच लागली नाही बुवा," की ती त्याच्याकडे अशी बघते, जणू त्यानं तिच्या ताटातला घास उचलला. बोलत काही नाही. बोलायला ताकद लागते, आणि ती ताकद वहिनी भांड्यांसाठी राखून ठेवते.

आमची आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं पलंगावर. जीभ मात्र ठणठणीत. "मंजू, पंखा लाव." "मंजू, पंखा बंद कर." "मंजू, कोण आलं?" कुणीही आलेलं नसतं. दिवस असो की रात्र, आईला मंजूच लागते. पोटच्या मुलाला, म्हणजे आमच्या श्रीकृष्णदादाला, ती हाक मारत नाही, कारण तो ओ देत नाही. दादा नोकरीतून निवृत्त झाला आणि सगळ्यातूनच निवृत्त झाला. सकाळी पेपर, दुपारी पेपरातलं शब्दकोडं, मधूनमधून चहा. दादा-वहिनींचा मुलगा जयेश बंगळुरूला. तो फोनवर "आई, टेक रेस्ट हां" म्हणतो आणि ठेवतो. आणि मी नणंद. याच शहरात, अन्नपूर्णेच्या भागात राहते, दर रविवारी मल्हारगंजात दादाकडे येते, चार सूचना करते, वहिनीच्या हातचं जेवते आणि ऑटोनं परत जाते. नणंदेचं काम याहून वेगळं असतं असं मला कुणी शिकवलं नाही.

मल्हारगंजातल्या आमच्या घरामागे दत्ताचं छोटं देऊळ आहे. गल्लीतल्या मराठी घरांनीच ते बांधलं, तीच घरं ते सांभाळतात. गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव आहे, आपल्याकडे देवळात असतं तसं. येणारा प्रत्येक जण आधी त्याला हात लावतो, एखादं फूल ठेवतो आणि मग देवाकडे वळतो. देवळामागे औदुंबर आणि औदुंबराखाली कुंड. तीन बाजूंनी पायऱ्या, तळ मातीचा. आषाढ-श्रावणात देवळाच्या छपराचं पाणी त्यात उतरतं आणि ते भरतं. होळीनंतर चिखल उरतो. चैत्र संपता संपता तोही वाळतो आणि भेगा पडतात.

या कुंडात खरी कासवं आहेत. मऊ पाठीची, मातकट. किती, ते कुणाला ठाऊक नाही. पाच असतील, आठ असतील. पाणी असताना त्यांची नाकं तेवढी वर दिसतात. वहिनी उरलेल्या पोळीचे तुकडे टाकते तेव्हा पाणी एका बाजूनं हलतं आणि तुकडा गायब होतो. दिवसभरात वहिनी स्वतःहून हसते ती एवढ्या वेळातच. पाणी आटलं की कासवं चिखलात खाली खाली जातात आणि तिथंच राहतात. वरून बघाल तर कोरडं ठणठणीत कुंड, त्यात पाचोळा आणि कुणी फेकलेलं गुटख्याचं पाकीट.

काही वर्षांपूर्वी वहिनीनं एक गोष्ट केली, ती तिच्या मनातून अजून गेलेली नाही. अक्षय्य तृतीया होती. आपण त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला घडा दान देतो. वहिनी मला म्हणाली होती, "ताई, आपल्या भटजींच्या घरी फिल्टर आहे, फ्रिज आहे. त्यांना कसली आलीय तहान? तहानलेली तर ती आहेत." आणि तिनं भर उन्हात घरातून घागरी नेऊन कुंडाच्या एका कोपऱ्यात रिकाम्या केल्या. पुण्य पोचलं पाहिजे तर ज्याला गरज त्याला पोचावं, एवढा साधा हिशेब. एका कोपऱ्यात चिखल झाला. दुसऱ्या दिवशी त्यातून एक कासव वर आलं. वहिनीला कोण आनंद! दत्तानं दान घेतलं म्हणाली.

पण घागरींचं पाणी ते किती पुरणार? उन्हानं कोपरा पुन्हा विटेसारखा झाला. कासवाला ना पाणी, ना खायला किडामुंगी, ना परत जायला मऊ माती. ते कुंडात गोल गोल फिरलं असावं, तशा खुणा होत्या धुळीत. वहिनी पुन्हा गेली तेव्हा ते पायरीला डोकं टेकवून मेलेलं होतं. डोशाच्या तव्याएवढं होतं. तिनं ते स्वतः औदुंबराखाली पुरलं आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागली. भाजी फोडणीला टाकता टाकता मला म्हणाली, "त्याला वाटलं असेल पाऊस आला. मी फसवलं गं त्याला. झोपलं होतं बिचारं."

तेव्हा मी फोनवर वाचून काढलं. निवृत्त बाईला तेवढाच उद्योग. थंडीत प्राणी झोपतात ते आपण शाळेत शिकलो, पण उन्हाळ्यातही झोपतात. ग्रीष्मनिद्रा म्हणतात तिला. पाणी संपलं की कासव, बेडूक मातीत शिरतात. खाणं बंद, हालचाल बंद, काळीज अगदी संथ. अंगातलं पाणी आणि चरबी पुरवून पुरवून वापरायची, बस्स. तलावातली गोगलगाय आपल्या शंखाचं दार लावून घेते. परदेशात एक मासा म्हणे चिखलात स्वतःच्याच चिकट स्रावाची पिशवी करून तिच्यात पडून राहतो. मेलेले नसतात, आळशीही नसतात. जगण्यासाठीच झोपलेले असतात. मध्येच उठवलं की साठवण खर्च होते, आणि ती भरून काढायला बाहेर काही नसतं. मी हे वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुणी उठवायला येत नाही तोवर बरंय त्यांचं," आणि आईकडे गेली, कारण आईनं हाक मारली होती.

यंदा देवळाच्या समितीला सौंदर्यीकरणाचा झटका आला. अध्यक्ष यशवर्धन. त्याचे खापरपणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, याचं टाइल्सचं दुकान आहे. माणूस चांगला. चांगल्या माणसांचीच तर भीती वाटते, ती कामं पुरी करतात. कुंडाचा तळ सिमेंटचा करायचा, निळ्या टाइल्स लावायच्या, मध्ये कारंजं. काम कोरडं असतानाच व्हायला हवं, म्हणून वैशाखातच. सभा रविवारी होती, म्हणून मीही गेले. यशवर्धन आला, वाकून दगडी कासवाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि सिमेंटबद्दल बोलायला लागला. मला हसू आवरेना.

वहिनी हात पुसत पुसत उशिरा आली. उभ्यानंच म्हणाली, "खाली कासवं आहेत."

"कुठे आहेत वहिनीजी? मला तर एक पण नाही दिसून राहिलं," यशवर्धन इथल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला.

"झोपलीत. मातीत."

"तर दाखवा ना. एक दाखवा, मग बघू काय करायचं ते."

"दाखवायचं तर खणावं लागेल. खणलं तर उठतील. उठली तर मरतील."

सभेत खसखस पिकली. खरंच, ऐकायला ते लबाड माणसाच्या उत्तरासारखंच होतं. दाखवताही येत नाही आणि माना मात्र. पण यशवर्धन हसला नाही. त्यानं विचार केला आणि चांगल्या माणसाला सुचावं तसंच सुचलं त्याला. "आयडिया! गुरुवारी टँकर बोलावतो. कुंड भरून टाकू. ती आपोआप वर येतील, मग पकडून तलावात सोडून देऊ. पानी ही तो देना है, कोई बुरा काम थोड़ी कर रहे हैं, भिया."

म्हाताऱ्या सुलोचनाबाईंनी हात जोडले. "वैशाखात कासवाला पाणी! केवढं पुण्य!"

वहिनीचा चेहरा मी पाहिला. सुलोचनाबाईंच्या तोंडून तिला तिचंच जुनं बोलणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "पाणी नका टाकू. मी टाकलं होतं एकदा. तलाव पण आटलेत, कडेला नुसतं ऊन आहे. कुठे जातील ती? पावसाळ्यापर्यंत थांबा."

"पावसाळ्यात कुंड भरतं ना वहिनीजी. मग काम कसं होणार?"

रात्रभर जागलेल्या माणसाला सभेत उत्तरं सुचत नाहीत. ठराव झाला. घरी येताना मी तिला म्हटलं, तक्रार कर, जंगल खात्याला कळव, पेपरात दे. ती पायरीवर थांबली. "कोण करणार, ताई? मी? तेवढा वेळ आईंना कोण उचलेल? मी थकले गं. खूप थकले. कासवं मेली तर यंदा मला रडायलासुद्धा होणार नाही." लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते. 'थकले' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

गुरुवारी मी भांडायच्या तयारीनं निघाले. ऑटोत बसून यशवर्धनला काय काय ऐकवायचं ते घोकत होते. घरी पोचले तर दादा पेपरात. "वहिनी कुठाय?" "देवळात गेली सकाळी. चटई घेऊन," तो म्हणाला. चटई कशाला, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

देवळामागे टँकर उभा होता. टँकरवाला हातात पाइप धरून कुंडाच्या काठावर, आणि त्याच्या शेजारी यशवर्धन, कमरेवर हात. मी खाली पाहिलं. कुंडाच्या मधोमध, भेगाळलेल्या मातीवर, औदुंबराच्या सावलीत चटई होती आणि चटईवर माझी वहिनी झोपली होती. पदर तोंडावर, एक हात मातीवर. पायातली एक चप्पल तशीच. बारीक घोरत होती.

हा सत्याग्रह वगैरे नव्हता हं. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "अडवायलाच गेले होते. म्हटलं, मध्ये बसते, मग कसं टाकतील पाणी. बसले. आईंचा डोळा लागला होता, कुणी हाक मारत नव्हतं, ताई. मग आडवी झाले. पुढचं मला माहीत नाही."

"माताजी सो रही हैं," टँकरवाला हळूच म्हणाला. "पानी कहाँ डालूँ?"

"एक मिनिट," म्हणून यशवर्धन पायऱ्या उतरायला लागला. वाकून "वहिनीजी" म्हणणार, तेवढ्यात मी त्याची बाही धरली. ऑटोत घोकलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"हात लावू नकोस तिला," मी म्हटलं. "तीन वर्षांत या बाईला कुणी सलग झोपू दिलेलं नाही. तिच्या नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, मी नाही. तू उठवलंस ना, तर बघ."

"पण ताईजी, टँकर…"

"टँकर जाऊ दे. आपल्यात झोपलेल्याला उठवत नाहीत. एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईनं?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं. पदर श्वासाबरोबर जरासा हलत होता, बाकी कुंडात काही हलत नव्हतं. यशवर्धन पायरीवर बसला. त्या मातीकडे पाहू लागला, आणि पहिल्यांदाच त्याला तिच्याखाली कुणी असेल असं वाटलं असावं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "दिवाळीनंतर मोटर लावून पाणी उपसलं तर? तेव्हा जागी असतात ना ती? काम होईतो तलावात ठेवता येतील."

"असतात."

"आणि टाइल्स नको मग. माती लागते त्यांना. कडेकडेनं लावू थोड्या." दुकानदाराला एवढं बोलायला किती जड पडतं ते मला कळत होतं. मी मान डोलावली.

त्यानं टँकरवाल्याला खूण केली. तो गाडी सुरू करणार, तर यशवर्धननंच धावत जाऊन त्याला अडवलं आणि इंजिनचा आवाज नको म्हणून दोघांनी मिळून तो छोटा टँकर गल्लीच्या उतारावरून वळणापर्यंत ढकलत नेला. सुलोचनाबाई दर्शनाला आल्या, त्यांनी कुंडात डोकावून पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि घंटा न वाजवताच आत गेल्या.

मी घरी आले. आईच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. वरणभात कालवला, तिला उशीला टेकवून बसवलं. नीट जमलं नाही, भात तिच्या अंगावर सांडला, कूस बदलताना माझीच कंबर धरली. चादर बदलायची कशी, ते मला दादाला हाक मारून दोघांनी मिळून शोधून काढावं लागलं. वहिनी हे एकटी करते.

"तू का भरवतेस?" आई खणखणीत आवाजात म्हणाली. "मंजू कुठाय? मंजू!"

"झोपलीय ती," मी म्हटलं.

आईचा घास तोंडातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आमचं घर देवळापासून भिंतभर अंतरावर आहे आणि आईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, हे आईला चांगलं ठाऊक आहे.

"मग एवढ्या मोठ्यानं काय बोलतेस?" ती कुजबुजली. "जागी होईल ना पोर."