बाथटबातली ताई

शाईमावशीला मनाने चेहरा काढता येत नसे. शिंप्याला काज करता येऊ नये, तसंच हे, पण होतं खरं. चित्रकाराने पेन्सिलीने काढलेल्या पानावर ब्रशने शाई चढवायची हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाठीचा बाक, चादरीच्या चुण्या, रागावलेल्या बाईच्या मानेवरची शीर, काय म्हणाल ते. पण "मावशी, इथे एक चेहरा टाका, कुणाचाही चालेल" असं म्हटलं की पंचाईत. 'कुणीही' नावाचा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिला जमत ते फक्त पाहिलेले चेहरे: दाताच्या डॉक्टरचा, बँकेतल्या खडूस कॅशियरचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा.

ती ज्या प्रकाशनात कामाला होती ते टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत होतं, आणि तिथून मोठ्या माणसांसाठी चित्रकथा निघत. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात लाल गोल आणि त्यात 'फक्त प्रौढांसाठी'. तो गोल पाहून लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते आत असायचं, नाही असं नाही. पण त्याच्या आगेमागे पाच पानं मूतखड्याची, आठ पानं घटस्फोटाची आणि निदान तीन पानं भांडी कुणी घासायची यावरून झालेल्या भांडणाची. कपडे उतरायचे तेही घरोघरी उतरतात तसेच, म्हणजे एक मोजा पायात अडकून. आता हे कळायला पुस्तक उघडावं लागतं, आणि पुस्तक न उघडता मत देणाऱ्यांची जगात कधी टंचाई नव्हती.

मुख्य चित्रकार म्हणजे बिस्किट. खरं नाव काय होतं ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. सकाळपासून तो चहात बिस्किटं बुडवत चित्रं काढायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक पान चुऱ्यासकट आणि डागांसकट यायचं. गर्दीतली माणसं काढायचा त्याला भयंकर कंटाळा. तो नुसती धडं काढायचा आणि मानांवर रिकामी अंडी ठेवून द्यायचा. अंड्यात फुली असली तर मावशीने हवा तो चेहरा भरायचा. अंड्यात बारीक ठिपका असला तर हात लावायचा नाही, तो चेहरा बिस्किट स्वतः नंतर काढणार. अकरा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

त्या अकरा वर्षांत मावशीने अख्खी सोसायटी प्रौढ वाङ्मयात नेऊन बसवली. सेक्रेटरी एकोणीस पुस्तकांत येऊन गेला, त्यातल्या सात वेळा विनापँट. पाण्याची टाकी धुवायची तो टाळाटाळ करी, त्या महिन्यात त्याची अवस्था विशेष वाईट असे. तक्रार एकदाही आली नाही. येणार कशी? 'अमुक पानावरचा तो उघडा माणूस मी आहे' असं म्हणायचं तर आधी ते पान आपण पाहिलं हे कबूल करायला हवं. सेक्रेटरी जिन्यात भेटला की मावशीकडे नुसता बघत राहायचा, आणि दोन दिवसांत टाकी धुतली जायची.

एकच चेहरा ती कधी कागदावर आणत नसे, तो ताईचा. कारण ताईबरोबर तिला एका घरात राहायचं होतं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका. भाऊजी गेल्यावर दोघी बहिणींनी मिळून फ्लॅट घेतला होता. मावशीने लग्नच केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर ती "शाई वाळायला वेळ लागतो" असं काहीतरी सांगून मोकळी व्हायची. धाकटीचं काम काय आहे हे ताईला चांगलं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नसल्यासारखं ती मोठ्या शिस्तीत वागायची. शेजारीपाजारी सांगायची, "बहीण छपाईच्या व्यवसायात आहे." घरातला नियम असा की पुस्तक आलं तर वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि जेवायच्या टेबलावर कधीच नाही.

"बत्तीस वर्षं मी पोरांच्या दप्तरांतून असली पुस्तकं काढून घेतलीत," ताई म्हणायची. "आता म्हातारपणी ती माझ्या टेबलावर नकोत."

ती काढून घेतलेली पुस्तकं पुढे जायची कुठे, असं मावशीच्या जिभेवर कैकदा आलं होतं. 

अलीकडे ताईच्या मुलाने लकडा लावला होता. दुसऱ्या शहरात त्याने नवं घर घेतलं होतं, त्यात आईसाठी वेगळी खोली होती, आणि ती येणार की नाही हे त्याला महिनाअखेरपर्यंत हवं होतं. ताई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. मावशीने त्या खोलीची धास्तीच घेतली होती. तोंडाने म्हणायची, "जा की, नातवंडांत राहशील." आणि मग आपल्या खोलीत ब्रश हातात घेतला की एकच रेघ तीनतीनदा काढायची. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला एकटं राहायची भीती वाटते हे सांगायचं कुणाला? म्हणून ती ते कुणालाच सांगत नव्हती.

आणि नेमकं याच महिन्यात बिस्किटाचं अपेंडिक्स दुखायला लागलं.

नव्या मालिकेचा पहिला भाग छापायला जायचा होता. गोष्ट एका लॉजची, आणि मालकीण साठी उलटलेली विधवा. शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र: तोवर नुसती पाठमोरी दिसलेली मालकीण बाथटबात मागे रेलून बसली आहे, फेस आहे तिथे आहे आणि नाही तिथे नाही. मानेवर अंडं. बिस्किट ते पान मावशीच्या टेबलावर टाकून, पोट धरून, टॅक्सीत बसला. अंड्याच्या मधोमध बारीक ठिपका होता. मावशीने नेहमीप्रमाणे पान झटकलं, चुरा फुंकला, आणि एक डाग काही जाईना म्हणून तो खोडरबराने साफ केला. अकरा वर्षं त्या माणसाचे डाग काढलेली बाई आणखी काय करणार? आता फुली नाही, ठिपका नाही, नुसतं अंडं. बिस्किटाला विचारावं तर तो ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध, आणि छापखान्याचा माणूस दारात पाय आपटत उभा.

"टाका मावशी कुणीतरी," संपादक म्हणाला. "बाई हवी, साठीची. आणि हसणारी हवी."

मावशीचा ब्रश चालू लागला. दहा मिनिटांनी तिने पाहिलं तर बाथटबात ताई बसली होती. मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळे दात दाखवत हसत होती.  चेहरा बुजवायला ती पांढऱ्या रंगाची बाटली शोधू लागली, आणि ती सापडेपर्यंत छापखान्याचा माणूस पान उचलून जिन्यापर्यंत पोचलाही होता. खरं सांगायचं तर तिने त्याला हाक मारली नाही. चित्र फार छान झालं होतं.

पुस्तक हातोहात खपलं. मालकीणबाईंना पत्रं येऊ लागली, त्यात दोन लग्नाची मागणी घालणारी होती. बिस्किट टाके सांभाळत परत आला, पान पाहून "माझा ठिपका कुठे गेला?" म्हणून ओरडला, मग पुन्हा एकदा पान पाहिलं आणि मुकाट्याने पुढचे भाग त्याच चेहऱ्यावर रचायला बसला. इकडे सोसायटीत लोक ताईशी भलत्याच अदबीने वागू लागले. औषधवाला गोळ्यांची पुडी देताना चक्क लाजला. सेक्रेटरीने तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

"या लोकांना झालंय तरी काय?" ताईने विचारलं. "माझ्या तोंडाला काही लागलंय का गं?"

"कुठे काय," मावशी म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळाली. दूध अजून फ्रिजमध्येच होतं.

शुक्रवारी संपादक हवेत तरंगतच आला. "मावशी, बाथटबातल्या मालकीणबाईंची पोस्टरं छापून आली! सोमवारी सकाळी शहरातल्या सगळ्या पुस्तकांच्या दुकानांत लागणार. माणसाच्या उंचीची!"

त्यातलं एक दुकान ताईच्या वाचनालयाला लागून होतं, आणि ताई दर सोमवारी सकाळी पुस्तक बदलायला जायची. आता ताईला हे कळणार होतं, आणि एकदा कळलं की मुलाच्या त्या खोलीत जायला तिला आणखी कसलं कारण लागणार होतं? मावशीचा शनिवार नुसता धीर गोळा करण्यात गेला. रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने पुस्तक आणलं आणि वर्तमानपत्राशिवाय, जेवायच्या टेबलावर, ताईच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे काय?" ताईने विचारलं.

"वाच. शेवटपर्यंत वाच. मग मला घराबाहेर काढायचं तर काढ."

"घर निम्मं तुझं आहे. काढू कुठून?" असं म्हणून ताईने चष्मा लावला आणि सवयीने लाल पेन हातात घेतलं.

दुसऱ्या कुणीही भराभर पानं उलटली असती. ताईने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मावशी समोर हात मांडीवर ठेवून बसली. चौथ्या पानावर ताईने एक वेलांटी दुरुस्त केली. नवव्या पानावर "शी" म्हणाली आणि तेच पान पुन्हा वाचलं. तेराव्यावर थांबली.

"हा आपला सेक्रेटरी ना गं?"

"हो."

"मग हा असा का उभा आहे?"

"टाकी धुतली नव्हती त्याने."

ताईने ओठ घट्ट मिटले आणि पान उलटलं. पण तिचे खांदे हलत होते. शेवटच्या पानावर आली तेव्हा मात्र खांदे थांबले. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली तरी तिने पुस्तक खाली ठेवलं नाही. मावशीचा धीर सुटला.

"ताई, चुकून झालं गं. ठिपका होता, मला डाग वाटला, मी खोडला. उद्या तुझ्या वाचनालयाशेजारी हे एवढं मोठं पोस्टर लागणार आहे. पुढच्या भागापासून मी चेहरा बदलते, लगेच फोन करून सांगते त्यांना. तू फक्त रागाच्या भरात मुलाकडे निघून जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय करमायचं नाही. मला भीती वाटते." एवढं बोलून तिला रडूच फुटलं.

ताईची नजर चित्रावरून हलली नाही.

"अंग माझं नाही हे," ती म्हणाली.

"नाही. ते बिस्किटाच्या मनाचं."

"बरं काढलंय. पण मी अशी कधी हसले?"

"बाथरूममधला नळ तुटला होता तेव्हा. आपण इथे राहायला आलो त्या वर्षी. प्लंबर पाणी बंद करायला म्हणून गेला तो आलाच नाही. तू फरशीवर फतकल मारून बसलीस आणि हसतच सुटलीस, नखशिखांत भिजलेली."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. तेवढं एकदाच पाहिलंय मी तुला तसं."

ताईने लाल पेनाला टोपण लावलं.  मग म्हणाली, "पुढे काय होतं हिचं?"

मावशीने नाक पुसलं. "लॉजवर एक माणूस उतरायला येतो. फार जुन्या ओळखीचा. ही त्याला किल्ली द्यायला वर जाते आणि खाली यायचं विसरते, असं काहीतरी बिस्किटाच्या डोक्यात आहे."

"दिसायला कसा आहे?"

"अजून अंडंच आहे. पान घरी आणलंय मी."

"आण इकडे."

मावशीने पान, शाई आणि ब्रश आणून टेबलावर ठेवलं. रुंद खांद्यांचा माणूस दारात उभा होता, हातात बॅग, मानेवर रिकामं अंडं आणि त्यात फुली. ताईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"कान मोठे काढ," ती म्हणाली. "कपाळ रुंद. डावी भुवई मधेच तुटलेली, लहानपणी सायकलवरून पडला होता. आणि ओठ असे की आता काहीतरी सांगेल असं वाटावं, आणि सांगणार मात्र नाही."

मावशीने ब्रश शाईत बुडवला आणि तिचा हात तसाच राहिला. भाऊजींचे कान एवढेएवढेसे होते. भुवया दोन्ही शाबूत. आणि ओठ तर झोपेतसुद्धा चालू असायचे.

"ताई, भाऊजी असे कुठे होते?"

"मी कुठे म्हटलं, ते होते म्हणून?"

मावशीने मान वर केली आणि ज्याचा चेहरा काढायचा असतो त्याच्याकडे बघावं तसं ताईकडे नीट पाहिलं. चौसष्ट वर्षांच्या मुख्याध्यापिकेचे कान लाल झाले होते.

"बघतेस काय, काढ," ताई म्हणाली. "आणि डोळे मी सांगेन तसे आले पाहिजेत, अंदाजपंचे नकोत. बेचाळीस वर्षं झाली, मलाही एका दमात आठवायचे नाहीत. दोन-चार भाग तर सहज लागतील." मग तिने फोन जवळ ओढला. "मुलाला कळवून टाकते, मला यायला जमणार नाही."

"कारण काय सांगशील?"

"सांगेन की इथे माझं काम अडलंय."