मोटारघराला बसवलेली डबी

भावजींना जुनी मिनीबस विकणाऱ्याने तिच्याबद्दल जे जे सांगितलं, त्यातला रंग तेवढा खरा निघाला. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीकडच्या त्यांच्या कारखान्याने माणसं कमी करायला घेतली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, आणि त्यानंतर ते घरातले नळ, पंखे आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरी दुरुस्त करत असत. ही बस त्यांच्याकडे येण्याआधी रोज स्वारगेटहून हिंजवडीला संगणकवाल्यांची ने-आण करत होती. खिडक्यांच्या काचांवर डोक्याच्या तेलाचे गोल डाग तसेच होते. ती मुलं जाताना आणि येताना झोपतच असावीत.

त्या बसचं घर करायचं होतं, आणि ते हौस म्हणून नव्हे. ताईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नसे. आडवं पडलं की ठीक. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, बंगळूरला नोकरीला आणि तिथेच संसाराला. तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आता होणार नव्हतं. लेक येऊ शकत नाही आणि आई जाऊ शकत नाही. विमानात बसावं लागतं. रेल्वेचा विषय ताईनेच बंद केला. तिला उठताना दोघांनी धरावं लागे, आणि रेल्वेच्या संडासात दोन माणसं मावत नाहीत. मुलीचा फोन झाला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. अशाच एका संध्याकाळी भावजी मला म्हणाले, "लेक माहेरी येत नाही ना, मग माहेरच तिकडे नेऊ."

हे वाक्य त्यांनी अगदी शब्दशः अमलात आणलं. सगळी अडचण तिथून सुरू झाली.

सीट काढून पलंग बसवला, कमोड बसवला, इथवर मला मान्य होतं. मग पाण्याची टाकी आली, इन्व्हर्टर आला, त्याच्या दोन बॅटऱ्या आल्या. ओटा प्लायवूडचा करा असं मी सुचवलं.

"ओटा कडाप्प्याचाच असतो," भावजी म्हणाले.

"घरात असतो. ही गाडी आहे."

"मेहुणे, गाडी तुमच्यासाठी. तिच्यासाठी घर आहे."

कडाप्पा बसला. मग बाळंतपणाचं सामान यायला लागलं. आमच्या थोरल्या आत्याने लोखंडी बाज पाठवली. कोणी पाळणा दिला, कोणी शेक-शेगडीची शेगडी, आणि दोन पोती कोळसा. डिंक, खारीक, अळीव, गूळ, तांदूळ हे सगळं डब्यांत भरून आलं, जणू बंगळूरला दुकानं नाहीत. माझ्या बायकोने स्वतःचा पाटा-वरवंटा आणून ठेवला. मी मिक्सरचा विषय काढला.

"बाळंतिणीला पाट्यावरचं वाटण लागतं," ती म्हणाली. "तुम्ही आरटीओचं बघा."

आरटीओचं मी बघितलं. बस खाजगी नावावर करणं, आतला बदल नोंदवून घेणं, तपासणीला गाडी नेणं, यात माझ्या किती रजा गेल्या ते लिहीत बसत नाही. मी एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो. दिवसभर आकडे जुळवायचे, संध्याकाळी बसपाशी उभं राहायचं आणि घरी येऊन जेवून झोपायचं, असे ते दिवस होते.

पहिल्या चाचणीला भावजी आणि मी असे दोघंच कात्रजचा जुना घाट चढायला गेलो. घाटाआधीच्या डेअरीपर्यंत गाडी बरी चालली. चढ लागल्यावर ती तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागली, मग दुसऱ्यात, आणि एका वळणावर पहिल्यात. मागे रांग लागली. एक कॉलेजातलं जोडपं स्कूटरवरून पुढे गेलं आणि मागे बसलेल्या मुलीने आमच्याकडे वळून आशीर्वाद दिल्यासारखा हात केला. भावजींचे कान लाल झाले. आयुष्यभर इंजिनं जोडलेला माणूस. वर पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या नळ्या एकेक चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "बंगळूरच्या वाटेवर खंबाटकीचा घाट आहे, त्यात ही बसकण मारेल."

कात्रजच्या एका गॅरेजवाल्याने त्यांना डबी बसवणाऱ्या एकाचा पत्ता दिला. तो अकोल्याकडचा, तिशीतला इंजिनिअर. आठवडाभर हिंजवडीत संगणकावर काम करी आणि रविवारी हौशी लोकांच्या डिझेल गाड्यांना ताकद वाढवणाऱ्या डब्या बसवी. डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी काळी पेटी, तिला दोन वायरी. आमची गाडी पाहून तो खूश झाला. मोटारघर त्याने अजून केलं नव्हतं.

"काका, इंजिनमधे दम आहे, कंपनीनं दाबून ठेवला आहे," तो म्हणाला. "हे डबी सेन्सर अन् गाडीच्या कॉम्प्युटरच्या मधात बसते. डिझेलचं प्रेशर जेवढं आहे त्याहून कमी आहे असं हे कॉम्प्युटरला सांगते. मग तो जास्त डिझेल पाठवते. सिम्पल."

"म्हणजे खोटा आकडा दाखवायचा," मी म्हटलं.

"खोटा नाही न काका. अ‍ॅडजस्टेड."

"आमच्या खात्यात याला दुसरा शब्द आहे."

तो मोकळेपणी हसला. चांगला मुलगा होता तो. जास्त डिझेल जाळलं की इंजिन तापेल, क्लचवर जोर येईल, हे त्याने आपणहून सांगितलं, आणि डबीला एक ते पाच अशा पायऱ्या असतात, त्यातली तिसरी आपण ठेवू असंही सुचवलं. भावजींनी पाचवी मागितली. चौथीवर ठरलं.

मी एकच अट घातली. आधी गाडीचं वजन करायचं. मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचे ट्रक ज्या काट्यावर उभे राहतात, त्यावर ही गाडी उभी करायची.

"घराचं वजन करतं का कोणी?" भावजी म्हणाले. पण आले.

काट्यावरच्या माणसाने खिडकीतून आत डोकावून पलंग, ओटा आणि पाळणा पाहिला आणि विचारलं, "माल कोणता लिहू?" भावजी म्हणाले, "माहेर लिहा." त्याने काहीच लिहिलं नाही, नुसती चिठ्ठी दिली. गाडीला जेवढी परवानगी होती त्याच्या सहाशे किलो वर वजन भरलं होतं.

ती चिठ्ठी मी घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. सहाशे किलो म्हणजे दहा माणसं आणखी बसवल्यासारखं आहे, इंजिन कमजोर नाही, आपण जास्त भरलंय, असं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकेक वस्तू निघू लागली, म्हणजे चर्चेला निघाली. बाज काढावी तर आत्याला काय वाटेल. शेगडी काढावी तर शेक कसला देणार. पाट्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. कडाप्पा काढायचा तर भिंतीचं प्लायवूड फाडावं लागणार. तासाभराने चहा झाला आणि गाडीतून फक्त एक प्लास्टिकची बादली बाहेर आली, तीही कोणाला तरी घरात हवी होती म्हणून. मी इतका थकलो होतो की म्हटलं, बसवा डबी.

पुढच्या रविवारी कात्रजच्या गॅरेजात डबी बसली. बसवायला एखादा तास पुरला. ताई म्हणाली, मला घेऊन चला, झोपायचं जमतंय का ते बघायला हवं. तिला पलंगावर आडवं केलं, कमरेला पट्टा लावला. मी तिच्या पायाशी खाली बसलो. भावजी गाडी चालवत होते, आणि अकोल्याचा इंजिनिअर त्यांच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

घाट असा चढला की माझा विश्वास बसेना. तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता. भावजींनी पाय दाबला की एक क्षण काही होत नसे आणि मग गाडी अंगात आल्यासारखी पुढे उसळे. मागे काळा धूर. पुढून इंजिनिअरचा आवाज येत होता, "पाहा न काका, पाहा न, कशी जाऊन राहिली." भावजींनी एका ट्रकला मागे टाकलं. भांडी वाजत होती, पाट्यावरचा वरवंटा घरंगळून बाजेला आपटला. मी गाडीच्या भिंतीला धरून बसलो होतो. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, होईल हे आता.

जुन्या बोगद्याच्या अलीकडे भावजींनी गाडी बाजूला घेतली आणि मागे आले. चेहरा उजळलेला. "काय, कशी वाटली?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईने दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. डोळ्यांच्या कडेने पाणी कानापर्यंत गेलेलं मला तेव्हा दिसलं. मी तिच्या पायाशीच होतो, पण पूर्ण घाटभर माझं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. मग दम घेऊन, "अहो, एवढी घाई कुणाला आहे?"

"घाई नाही गं, चढ आहे. ताकद नको का?"

"मला इथे पडून चढ कळत नाही. धक्का कळतो. दरवेळी तुम्ही पाय दाबला की पाठीत सुरी गेल्यासारखं होतं. मागच्या वेळी तुम्ही दोघं पहिल्या गिअरमध्ये आलात म्हणून वाईट तोंड करून बसला होतात. मला पहिल्यातच न्या."

"मागे रांग लागते," भावजी म्हणाले.

"लागू दे. हॉर्न त्यांच्या पैशाचा आहे."

इंजिनिअर पुढच्या सीटवरून म्हणाला, "काकू, पहिल्या पायरीवर ठेवून देतो मी. एकदम स्मूथ."

"तुम्ही चांगलं काम केलंत," ताई म्हणाली. "पण ते काढा."

त्याने तिथेच रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून दोन्ही वायरी सोडवल्या. भावजी शेजारी उभे राहून त्याला टॉर्च दाखवत होते, भर दुपारी.

घरी आल्यावर ताईने गाडीच्या दारापाशी ठेवलेल्या खुर्चीवर पडल्यासारखं बसून एकेक वस्तूकडे बोट केलं. बाज, कोळसा, पाळणा, तांदूळ, इन्व्हर्टरची एक बॅटरी. टाकी अर्धीच भरायची. कडाप्प्याकडे तिने बोट केलं तेव्हा भावजींनी छिन्नी आणायला आत जायला थोडा वेळ लावला. पाटा माझ्या बायकोने स्वतःच उचलला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आत्याची समजूत घालायचं काम मला मिळालं. मी आत्याला काट्यावरची चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, "आमच्या वेळी बाळंतपणं वजनावर होत नव्हती."

ताई, भावजी, मी आणि माझी बायको असे चौघं निघालो तेव्हा सातवा महिना संपत आला होता. खंबाटकीत भावजींनी गाडी दुसऱ्यात घेतली, मग पहिल्यात, आणि सगळा घाट पहिल्यातच ठेवली. मागे हॉर्नांचं एक गावच जमलं होतं. एका जीपवाल्याने बरोबरीला येऊन खिडकीतून विचारलं, "काका, ढकलायला येऊ का?" भावजी समोर बघतच म्हणाले, "उतरा आणि या." तो निघून गेला. मी मागे वळून पाहिलं. ताईचा एक हात छातीवर आणि एक पलंगावर मोकळा पडला होता. तिला झोप लागली होती.

वाटेत जागोजागी थांबत, मुक्काम करत आम्ही बंगळूरला पोचलो. जावयांनी खाली चाकांची खुर्ची आणली. ताईला भाचीच्या खोलीत नेलं. तिथे दुसरा पलंग घालायला जागा होती, म्हणून जावयांनी दोन पलंग शेजारी शेजारी लावून ठेवले होते. दोघींनाही उठायची परवानगी नव्हती. रडणं, जवळ घेणं वगैरे जे अशा वेळी होतं, त्यातलं फारसं त्यांना करताच आलं नाही. एकीचा हात दुसरीच्या हातात पोचेल एवढंच अंतर होतं.

मी पिशव्या हातात घेऊन दारात उभा होतो. कुठे ठेवायच्या ते कोणी सांगत नव्हतं, आणि मला फक्त आडवं व्हायचं होतं. स्वयंपाकघरात माझी बायको जावयांना मिक्सर कुठे आहे ते विचारत होती. आत ताई भाचीला सांगत होती, "अशी एकदम वळू नकोस. डाव्या कुशीवर यायचं असेल तर आधी गुडघे वळव. मग कंबर. खांदा सगळ्यात शेवटी. हळू. हं, अशी."