ओल्या पँटीचा दाखला

ठरावीक वेगाखाली गेलं की विमान पंखांना पेलत नाही, कोसळतं. लढाऊ विमानांचा कॉम्प्युटर-खेळ बनवताना त्यात हा वेग अचूक बसवायला माझी मुलगी मुक्ता महिनाभर झटत होती. काल परीक्षक आले, हवाई दलातून वैमानिक म्हणून निवृत्त झालेले तिचे मामा.

“खेळणंच की हे!” म्हणत ते चहाचा कप घेऊन ऐटीत बसले. पडद्यावर वेग उतरत गेला आणि विमान थरथरू लागलं.

“अगं मुक्ते, नाक खाली घे!” मामा ओरडले. कप धरलेला हात, विमानाचा दांडा ढकलावा तसा, पुढे गेला. चहा गुडघ्यांवर!

“भाजलं का मामा?”

“ते राहू दे. परत उडव!”

अचूकतेचे सही-शिक्क्यांचे दाखले मी पुष्कळ पाहिलेत. विश्वास बसला तो या ओल्या पँटीवर.