कोयत्याच्या धारेचा स्नोबोर्ड

अर्नीकाकांनी वाचवलं म्हणून मी आजही नेपरव्हिलला आक्काच्या घरी राहतो. दाजींचं जॅकेट मात्र त्यांना वाचवता आलं नाही.

अर्नीकाका म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या एका बर्फाच्या टेकडीवर स्की आणि स्नोबोर्ड दुरुस्त करणारे सत्तरीचे गृहस्थ. (मी त्यांना काका म्हणतो, हे त्यांना ठाऊक नाही.)

तो माझा अमेरिकेतला पहिलाच हिवाळा. मी आठवीतून शाळा सोडलेला, घरात सगळे कॉम्प्युटरवाले. आक्काने आणलं, दाजींनी सांभाळलं, आणि यांना माझा उपयोग काय, या काळजीने मी वाळत चाललो होतो. डिशवॉशरमध्ये भांडी तेवढी लावायचो. तीही आक्का गुपचूप पुन्हा लावायची.

अशात माझी भाची रिया म्हणाली, "मामा, माय बोर्ड इज स्लिपिंग." शनिवारी तिच्या टीमची रेस होती. बोर्डाच्या कडेला पोलादी पट्टी असते. ती बोथट झाल्यामुळे कडक बर्फावर वळताना बोर्ड निसटायचा. टेकडीवरच धार करून घेऊ, असं तिचं म्हणणं.

धार! कोल्हापूरकडे वडिलांच्या भट्टीवर मी वीस वर्षं ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावली. कुणाला दाखवावं असं माझ्याकडे तेवढंच. म्हटलं, माझ्यावर सोड.

रियाने कानस दिली आणि कानस ठराविक कोनात धरणारा प्लास्टिकचा चिमटाही. "एटी-एट डिग्रीज, मामा. गाइड वापर, प्लीज."

गाइड मी खिशात घातला. ज्याचा हात बसलेला नाही, त्याने असली खेळणी वापरावीत. गुरुवारी दुपारी गॅरेजमध्ये बोर्ड मांडीवर घेतला आणि पुढच्या नाकापासून मागच्या शेपटीपर्यंत चहूबाजूंनी तिरका घासून कड अशी पातळ केली, की हातावरचे केस उडाले. (धार तपासायची आमची पद्धत हीच. डावा हात पुढे महिनाभर तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत होता.)

शनिवारी पिसं भरलेलं जाड जॅकेट घातलेल्या दाजींनी बोर्ड मोठ्या कौतुकाने काखेत घेतला. पार्किंगपासून टेकडीपर्यंत आमच्यामागे पांढऱ्या पिसांची रांग लागली. बर्फात पिसं कुणाला दिसतात? आक्काला दिसली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही बारीक होताय."

रियाने कडेवरून बोट फिरवलं. हातमोज्याचं टोक खाली पडलं. एरवी इंग्रजीत भांडणारी पोरगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "मामा, आधी तू जा यावर."

गेलो. लहान मुलांच्या उतारावर. बोर्ड निसटत नव्हता, हे कबूल करावं लागेल. तो चावत होता! पहिल्याच वळणाला बोर्डाचं नाक बर्फात घुसलं, मी गरकन फिरलो आणि कडेची नारिंगी जाळी उभी चिरत पलीकडे जाऊन बसलो. अख्ख्या टीमने टाळ्या वाजवल्या. रेसला तासभर उरला होता. रियाच्या डोळ्यांत पाणी, आक्का दुसरीकडे बघत होती, आणि मला परतीचं विमान दिसायला लागलं.

तेवढ्यात शेडमधून अर्नीकाका आले. कडेवर अंगठा टेकवला आणि झटकन मागे घेतला. पोलिसांना बोलावतायत का बघ, असं मी रियाला हळूच म्हटलं. ती त्यांच्याशी बोलली आणि माझ्याकडे वळली.

"ते म्हणतात, इतकी सुंदर धार त्यांनी लाइफमध्ये पाहिली नाही. आणि इतकी चुकीची पण."

मग त्यांनी माझ्याच खिशातला गाइड मागून घेतला. कड जवळजवळ काटकोनात हवी. तिने बर्फ धरायचा, कापायचा नाही. नाक आणि शेपूट तर मुद्दाम बोथट करायची, नाहीतर बोर्ड वळताना अडकतो. कानस त्यांनी चालवली. बोथट करायचा दगड माझ्या हातात दिला. असलं काम वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या थंडीत मला घाम फुटला.

रिया नऊ जणींत सहावी आली, पण एकाही वळणावर निसटली नाही. खाली येऊन म्हणाली, "मामा, इट हेल्ड." तेव्हापासून आक्का डिशवॉशर पुन्हा लावत नाही. (लावते. पण मी बाहेर गेल्यावर.)

अर्नीकाकांचे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. त्यांच्याकडे सफरचंद कापायची एक सुरी आहे. इतकी बोथट, की सफरचंदाला कंटाळा येतो. त्याच दिवशी मी खुणेने म्हटलं, द्या, धार लावतो. त्यांनी हसून सुरी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. हरकत नाही, मी दर हिवाळ्यात विचारत राहीन. यंदा तर विश्वास बसावा म्हणून सोबत गाइड घेऊन गेलो होतो.

त्यांनी दुसरं कुलूप लावलं.