खारींसाठी घेतलेली बंदूक

डाळिंब झाडावर असताना ते पोकळ झालं आहे हे लांबून कळत नाही. तांबूस साल तशीच तकतकीत, टोकावरचा मुकुट तसाच डौलदार. आणि जवळ जाऊन हात लावावा तर मागच्या अंगाला वाटीएवढं भोक, आत एकही दाणा नाही, नुसते पिवळट पापुद्रे आणि त्यांतून आरपार येणारं सकाळचं कोवळं ऊन… भिंगार ओलांडून पाथर्डीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला आमची लहानशी बाग होती. लढाई संपल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात तिच्यातली निम्मीअधिक डाळिंबं अशी नुसत्या उन्हाने भरलेली लटकत होती.

माझे वडील, अण्णा, छावणीच्या कचेरीतली कारकुनी संपवून नुकतेच घरी बसले होते. उतारवयात आपली बाग असावी, तिच्यातलं पहिलं फळ देवापुढे ठेवावं, एवढंच त्यांचं स्वप्न. मोटेच्या ओल्या कातड्याचा, शेणखताचा आणि पाट फुटल्यावर तापल्या मातीतून उठणारा वास त्यांच्या सदऱ्यांना कायमचा चिकटलेला असे. पण खारींपुढे त्यांचं काही चालेना. बाग बघणारा भिवा रोज तीच तक्रार घेऊन येई.

“अण्णा, खारी लई माजल्यात. गोफनीला भीत न्हाईत, डबा वाजिवला तर ह्या झाडावरनं त्या झाडावर. आता छर्‍याची बंदूकच आना.”

त्याच हिवाळ्यात माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशातून परत आला. दादा गेला तेव्हा मी इतकी लहान होते, की त्याचं मोठ्याने हसणं तेवढं मला आठवत होतं. परत आलेल्या दादाच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. आई शेजारणींना ते पुन्हा पुन्हा सांगे. पण तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा. पुढे वाढलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. स्वयंपाकघरात झाकणी पडली तरी त्याचे खांदे कानांपर्यंत वर जात. मग आईने पितळेची भांडी फडक्यांवर ठेवायला सुरुवात केली, आणि आमचं घर हळूहळू अगदी निःशब्द झालं…

बंदुकीची गोष्ट निघाली तशी अण्णांच्या मनात एक आशा पालवली. बाग वाचेल आणि पोराच्या हाताला काम मिळेल. “अरे, तुझ्याशिवाय मला यातलं काय कळतंय?” असं म्हणून ते दादाला भिंगारच्या बाजारात घेऊन निघाले. मी हट्टाने बरोबर गेले.

कासमभाईंच्या दुकानात विलायतेला परतणाऱ्या साहेबांचं सामान विकायला येई. वेताच्या खुर्च्या, तारा तुटलेल्या रॅकेटी, बिलोरी दिवे, आणि सगळ्यांवर तंबाखू, कातडं नि पॉलिश यांचा मिसळलेला एक परका गंध. कासमभाईंनी दोन बंदुका काढून गोधडीवर ठेवल्या. एक हलकी, अक्रोडी लाकडाच्या दस्त्याची, फार देखणी. दुसरी जड, काळपट, दस्त्यावर चरे पडलेली.

“अण्णासाहेब, ही घ्या. फुलासारखी हाय. ही पोरगीसुद्धा उचलेल बघा.”

दादाने हलकी उचलली. नळी मधोमध मोडून उघडली, स्प्रिंगचा ताण अजमावला, डोळा बारीक करून टोकावरच्या नेमाच्या माशीकडे पाहिलं. मग जड बंदुकीचंही तसंच केलं. त्याची बोटं किती सहज, किती जाणतेपणाने फिरत होती! नंतर त्याने कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या मागवल्या, परसातल्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि प्रत्येकीवर एकेक छर्रा झाडला. वड्या कापून त्याने आम्हांला दाखवलं. हलकीचा छर्रा वरवरच अडकला होता, जडचा खोल गेला होता.

“हिने खार मरणार नाही,” हलकी बाजूला सारत तो म्हणाला. “नुसती जखमी होईल. मग कुठल्या तरी ढोलीत जाऊन तडफडत राहील.”

“अहो, खारच ती! काय फरक पडतो?” कासमभाई हसले.

“पडतो,” दादा म्हणाला.

इतकं बोलणं त्याच्या तोंडून घरी आल्यापासून आम्ही ऐकलं नव्हतं. अण्णांनी जड बंदूक घेतली. वाटेत त्यांनी मला उगाचच जिलबी घेऊन दिली, आणि घरी आल्यावर आईला एवढंच सांगितलं, “बोलला गं तो. चांगला बोलला.” आई पदर डोळ्यांना लावून चुलीकडे वळली.

पुढचे काही दिवस आमच्या घरातला सर्वांत सुखाचा काळ होता. दादा सकाळी बागेत जाई, कागदावर वर्तुळं काढून नेम साधी. मी छर्‍यांची डबी धरून बसे. बंदुकीचा आवाज ‘फट्’ एवढाच… त्याला तो सोसवत होता. “आणखी जवळून,” तो स्वतःशीच पुटपुटे, “चुकता कामा नये.” खारी समोरून पळत, पण नेम पक्का होईपर्यंत त्याने एकीवरही चाप ओढला नाही.

मग एका सकाळी त्याने ओढला. डाळिंबावर बसलेली खार जागच्या जागी खाली पडली, शेपटीसुद्धा हलली नाही. “शाब्बास!” अण्णा आनंदाने ओरडले. भिवा धावत आला. दादा झाडाखाली गेला, त्याने खार उचलून तळहातावर घेतली, तिच्या मऊ केसांतून बोट फिरवत जखम शोधली. आणि तसाच मातीत खाली बसला.

“लगेच मेली,” तो म्हणाला.

“होय रे बाळा, तुझा नेमच तसा…”

“अण्णा, तिकडे माझ्या शेजारी एक होता. साताऱ्याकडचा. पोट फाटलं होतं त्याचं. दिवसभर मरत होता. मला म्हणत होता, एक गोळी घाल रे, तुझ्या पाया पडतो. माझ्या हातात बंदूक होती, अण्णा. माझा हातच उचलला गेला नाही.” त्याने तळहाताकडे पाहिलं. “चाप ओढायचा, एवढंसं तर होतं.”

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाटातलं पाणी वाहत होतं, आणि वरच्या फांदीवर दुसरी खार आली होती.

दादा त्यानंतर बागेत गेला नाही. बंदूक कासमभाईंकडे परत गेली. खारींनी त्या वर्षीची सगळी डाळिंबं खाल्ली, अण्णांनी त्यांना हुसकावणंही सोडून दिलं. पुढे विहीर आटली, झाडं वाळली, बाग विकली गेली. दादा खिडकीशी बसून म्हातारा झाला. मी माहेरी गेले की तो माझ्या मुलांची चौकशी करी — पाहुण्याने करावी तशी, अदबीने, उत्तराची वाट न बघता. अखेरच्या दुखण्यात अण्णांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, “तो साताऱ्याकडचा… त्याचं नाव काय होतं रे? घरच्यांना चार ओळी तरी लिहू.” दादाचे ओठ हलले. मग त्याने नुसती नकारार्थी मान हलवली आणि अण्णांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

आता दादाही नाही. साताऱ्याकडच्या कुठल्याशा गावात एखादी आई, एखादी बायको ‘लढाईत कामी आला’ एवढ्यावरच जन्म काढून गेली असेल. त्यांच्या त्या माणसाचा शेवटचा दिवस मला ठाऊक आहे. त्याचं नाव मात्र आता कुणालाही ठाऊक नाही.